उंचीची भीती असूनही मित्रांसोबत बर्डीच्या किल्ल्यावर परत गेलो, ते असं

तुमचा प्रश्न असा आहे की उंचीची भीती वाटते, लहानपणी गावातल्याच प्रसिद्ध जागी फजिती झालेली, आता मित्र पुन्हा तिथेच चल म्हणून मागे लागलेत, तर जावं की काहीतरी कारण काढून टाळावं. मी गेलो होतो बुवा. नागपूरचा आहे, जागा म्हणजे सीताबर्डीचा किल्ला, आणि माझी फजिती सातवीतली.

आधी एक सांगतो, नागपुरात वाढलेल्या माणसाला आपल्याला उंचीची भीती आहे हे लवकर कळतच नाही. गाव सगळं सपाट. आमचं महाल भागातलं घर एकमजली, गच्चीचा कठडा माझ्या छातीपर्यंत, शाळा दोन मजली, मग कळणार कुठून? आता वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो असा तिमजली कारभार झालाय, आणि मुंजे चौकातल्या मेट्रोच्या इंटरचेंज स्टेशनात एस्केलेटरवर मी आजही समोरच्या माणसाच्या पाठीवरच्या बॅगकडे बघत उभा असतो. चेनला धागा कुठे निघालाय इथपर्यंत सगळं बघून होतं तोवर वरचा मजला येतो.

तर किल्ला. तो आर्मीच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत, लोकांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्यामुळे अर्धं नागपूर रोज खालून जाता येता तो बघतं आणि वर मात्र आयुष्यात एकदा गेलेलं असतं, काही तर तेही नाही. आम्ही गेलो होतो १५ ऑगस्टला, झेंडावंदन करून परस्पर, पांढऱ्या गणवेशातच, खिशात शाळेत मिळालेला बुंदीचा लाडू तसाच कागदात गुंडाळलेला. पाऊस पडून गेला होता, दगड ओले. सगळे तटाकडे धावले म्हणून मीही धावलो आणि कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली रेल्वे स्टेशनच्या बाजूला एक गाडी नुकतीच सुटत होती. ती हळूहळू सरकायला लागली आणि मला वाटलं गाडी जागेवर आहे, आपला तटच सरकतोय. झालं. मी मटकन खाली बसलो आणि शेजारी जो कोणी काका उभा होता त्याच्या पँटचा पाय दोन्ही हातांनी धरला. तो बिचारा "अरे सोड ना बे, कोण आहे तू" करतोय, मी काही सोडत नाही. शेवटी दोन पोरांनी काखेत धरून उचललं तेव्हा लाडवाचा पार चुरा होऊन खिशातून गळत होता. त्या दिवसापासून माझं नाव लाडू. पत्रिका छापली तेव्हाही ग्रुपमध्ये "लाडूचं लगीन" असंच फिरलं.

तुम्ही लिहिलंय की भीती उंचीची की फजितीची हेच कळत नाही, ते मला शंभर टक्के पटलं. मी पुण्याला राहतो, फ्लॅट घेताना पहिला मजलाच पाहिजे म्हणून हटून बसलो, तिथे कोणी हसत नाही. पण गेल्या २६ जानेवारीला सुट्टीत नागपूरला होतो तर सकाळी सातलाच चौघं दारात हजर. "चाल बे लाडू, किल्ल्यावर जाऊन येऊ." मी म्हटलं मले नाही जमत. तर म्हणे वर नको येऊ, पोहे तर खाशील का नाही? कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले, वरून चण्याची लालभडक तर्री, नाकातून पाणी, आणि मग टेकडी गणपतीचं दर्शन, मग नुसतं गेटपर्यंत, मग नुसतं अर्ध्यापर्यंत. असंच नेलं मला. फसवलंच म्हणा ना.

आमच्यातला एक फिजिओथेरपिस्ट आहे, त्याला आम्ही डॉक्टरच म्हणतो. चढताना त्याने सांगितलं ते मला पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. उभं असताना आपण सगळेच थोडे थोडे हलत असतो आणि तोल सावरायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे स्नायू तिघं मिळून काम करतात. डोळे जवळच्या वस्तूंवरून अंदाज घेतात की आपण किती हललो. उंचावर काठाशी उभं राहिलं की समोर जवळचं काही उरतच नाही, सगळं लांब, मग डोळ्यांना तो अंदाज लागत नाही आणि शरीर जास्तच डुलायला लागतं. थोडंफार हे सगळ्यांनाच होतं, आपल्यासारख्यांना त्याची दहशत बसते. म्हणून खाली बसलं, भिंतीला टेकलं किंवा हाताला पक्कं काही लागलं की बरं वाटतं. म्हणजे सातवीत मी त्या काकांची पँट धरली ते शास्त्राला धरूनच होतं! आणि त्यात पुन्हा मोठी वस्तू हलताना दिसली की भ्रम वाढतो, स्टेशनवर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तोच प्रकार.

वर गेल्यावर मी आपला मधेच थांबलो. खरं सांगायचं तर किल्ला मधून बघायलाच जास्त मजा आहे, काठावर गर्दी करणाऱ्यांना तो दिसतच नाही, त्यांना आपापली घरं शोधायची असतात. या जागेला मोठी टेकडी आणि छोटी टेकडी अशा दोन टेकड्या, आणि २६, २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई इथेच झाली. भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली होती, पण इंग्रजांनी ती परत मिळवली आणि तिथून नागपूरचं राज्य हातातून गेलं ते गेलंच. १८५७ च्या उठावानंतर टिपू सुलतानाचा नातू नवाब कादर अली आणि त्याच्या आठ साथीदारांना फाशी दिली तीही याच किल्ल्यात. हे सगळं बँकवाला मित्र मला नेमकं तटाकडे चालता चालता सांगत होता. फाशीची गोष्ट सांगायला याला हीच वेळ सापडली.

कठडा दहा पावलांवर आला तसे तळपाय गार पडले. बँकवाला म्हणतो, "खाली नको पाहू." यासारखा बिनकामाचा सल्ला जगात नाही, तोपर्यंत आपण बघून बसलेलो असतो. डॉक्टर म्हणाला बस खाली आणि बसूनच ये. मग काय, बेचाळीस वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट, बसून सरकत सरकत निघालो, आणि एक पोरगी तिच्या आईला मोठ्याने विचारते, काकांना काय झालं? बँकवाला लगेच, "काही नाही बेटा, काका लाडू शोधून राहिले." मलाच असं हसू फुटलं की पुढची चार पावलं कशी सरकलो कळलं नाही.

डॉक्टर माझ्या आणि काठाच्या मधे बसला. मी कठड्याच्या एका दगडावर तळहात ठेवला, गार होता, खडबडीत, एका फटीत वाळलेलं गवत. आधी तो दगडच बघत राहिलो बराच वेळ. मग मान उचलून रामझुल्याच्या, म्हणजे स्टेशनजवळच्या पुलाच्या तारा बघितल्या, मग स्टेशन. आणि गाडी सुटलीच, कोणती होती माहीत नाही, निळे डबे. पोटात गोळा आला पण हाताखालचा दगड जागेवर होता. चार-पाच मिनिटं बसलो असेन, मग म्हटलं बस झालं राजेहो, चला.

भीती गेली का म्हणाल तर नाही गेली, पुण्यात पहिल्या मजल्यावरच राहतो. उतरताना तर चढताना नव्हती तितकी वाटली, डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून आलो. तुम्हाला जायचं असेल तर जा, फक्त मे महिना टाळा, आमच्याकडे १ मेला उन्हाने पण चक्कर येते आणि मग नक्की कशाने आली ते कळत नाही. खाऊन जा. उभं राहून बघायलाच पाहिजे असा काही नियम नाही. आणि निघायच्या आधी एकेकाला बाजूला घेऊन सांगा की मागून हळूच धक्का द्यायची गंमत करायची नाही. आमच्यातल्या एकाला हे दोनदा सांगावं लागलं, आणि तो आज बँकेत मॅनेजर आहे.