वाचकांचे प्रश्न : लावलेले यंत्र काढणे

प्रश्न : गेल्या श्रावणात आमच्या ८३ वर्षांच्या वडिलांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. सोळा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवूनही आशा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केल्यावर यंत्र काढण्याच्या संमतिपत्रावर मी सही केली. “मला नळ्यांत अडकवून ठेवू नका,” असे अण्णा पूर्वी दोनतीनदा बोलले होते. परंतु धाकटी बहीण म्हणते, “यंत्र लावलेच नसते तर गोष्ट वेगळी, लावलेले काढणे म्हणजे जीव घेणे.” माझ्या हातून पाप घडले का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही, पाप घडले नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. तरीही बहिणीच्या बोलण्याला अडाणीपणा समजू नका. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास देत होते. पुढे त्या हाताची जागा यंत्राने घेतली आणि अनेकांचे प्राण वाचले. पण जो श्वास पूर्वी आपोआप थांबत असे, तो आता कोणीतरी ठरवल्यावाचून थांबेना. तुमच्या वाट्याला आलेली सही ही या यंत्राने जन्माला घातलेली जबाबदारी आहे. आपल्या आजोबांपुढे हा प्रश्नच नव्हता.

न लावणे आणि लावलेले काढणे यांत मनाला फरक जाणवतो, हे खरे. परंतु नैतिकदृष्ट्या तो टिकत नाही, कारण लावलेले यंत्र कधीच काढायचे नाही असे ठरले, तर ते लावायलाच घरचे लोक कचरतील आणि जो रुग्ण चार दिवसांच्या आधाराने उठून बसला असता, तोही हातचा जाईल. तुम्ही सोळा दिवस संधी दिली. अण्णांना नेले ते आजाराने.

अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, आणि नंतर दुसऱ्या प्रकरणात २०१८ साली त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हाच विचार मान्य केला. सन्मानाने मरण येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. आपल्याकडे हा विचार परका नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले, त्याला कोणी सहज आत्महत्या म्हणत नाही. अर्थात तिथे निर्णय त्यांचा स्वतःचा होता. अण्णांना त्या वेळी बोलता येत नव्हते, म्हणूनच त्यांच्या आधीच्या वाक्याला इतके मोल आहे. ते वाक्य त्यांनी कुठे, कोणासमोर, कशावरून उच्चारले, हे बहिणीला शांतपणे सांगा. कदाचित तिने ते कधी ऐकलेच नसेल.

आणि स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे सांगणारा लेख, करून ठेवा. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. ते लिहिताना बहिणीला शेजारी बसवा.