ट्रिब्युनलनेही प्रोटेक्शन व्हिसा नाकारला, आता कोर्टात काय होतं?

मावसभावाचा ऑस्ट्रेलियातल्या प्रोटेक्शन व्हिसाचा (मायदेशी धोका असणाऱ्यांना आश्रय देणाऱ्या व्हिसाचा) अर्ज आधी डिपार्टमेंटने, म्हणजे तिथल्या गृह खात्याने, आणि आता खात्याचा निर्णय पुन्हा तपासणाऱ्या ट्रिब्युनलनेही फेटाळला, ‘कोर्टात टाकू, व्हिसा मिळेल’ असं एजंट म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं ‘व्हिसा मिळेल’ हे विसरा. ऑस्ट्रेलियातलं कोर्ट व्हिसा देत नाही. ट्रिब्युनलने कायद्यानुसार काम केलं का, एवढंच ते बघतं. चूक निघाली तर प्रकरण पुन्हा ट्रिब्युनलकडे जातं, बस.

सगळ्यात आधी तारीख बघा. कोर्टात अर्ज करायची मुदत ३५ दिवसांची, आणि ती ट्रिब्युनलच्या निकालाच्या तारखेपासून धरतात, ईमेल हातात पडल्यापासून नाही. निकालावर ३ मार्च असेल तर ७ एप्रिल शेवटचा दिवस. मुदतवाढ मागता येते, पण उशीर का झाला आणि केसमध्ये दम आहे का, दोन्ही पटवावं लागतं.

एका ओळखीच्या मुलाबरोबर मी कोर्टातल्या सुनावणीला बसलो होतो. आंतरजातीय लग्न, सासरच्यांच्या धमक्या, सगळं त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, निकालातल्या कुठल्या परिच्छेदात चूक आहे? पोरगं गप्प. ‘माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हा सहसा मुद्दा होत नाही. पण समजा, ‘पुण्यात राहायला गेलो तर तिथेही माणसं शोधत आली’ असं त्याने ट्रिब्युनलपुढे सांगितलं होतं, आणि निकालात त्याचा अवाक्षरही उल्लेख न करता ‘भारतात दुसरीकडे राहू शकतो’ असं म्हटलंय, तर मात्र वकिलाला दाखवण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून ट्रिब्युनलमधल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग मिळवा आणि निकाल शेजारी ठेवून ऐका. गावाकडून नवी पत्रं मागवत बसू नका, कोर्ट ती सहसा बघतही नाही.

केस फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या डिव्हिजन २ मध्ये दाखल होते. एजंट स्वतः वकील नसेल तर तिथे त्याचं काम नाही, मग तो पैसे कशाचे मागतोय ते विचारा. हरलात तर समोरच्या बाजूच्या, म्हणजे इमिग्रेशन मंत्र्यांच्या, वकिलांचा खर्चही बहुधा तुमच्याच माथी येतो, तो हजारो डॉलरांत जातो. नावाची काळजी नको: कायद्यानेच नाव छापता येत नाही, अक्षरं-आकड्यांचं टोपणनाव देतात.

आणि ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे केस चालू असताना देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा! कोर्टात अर्ज दिला म्हणजे तो आपोआप वाढला असं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करा, तोही आधीचा संपण्याआधी.