इंग्रजीतील ‘टेकन अबॅक’ या वाक्प्रचाराचा अर्थ काय, आणि तो कधी वापरावा?

अनपेक्षित बोलण्याने किंवा घटनेने माणूस क्षणभर गडबडतो, त्याला काय बोलावे ते सुचेनासे होते, त्या अवस्थेला ‘टेकन अबॅक’ म्हणतात. शब्दकोशातला ‘आश्चर्यचकित होणे’ हा अर्थ मला अपुरा वाटतो. ‘अवाक् होणे’ अधिक जवळचे आहे.

हा प्रयोग शिडाच्या जहाजांवरून आला. वारा एकाएकी फिरून समोरून आला, की शिडे उलटी फुगून डोलकाठीवर दाबली जात आणि वेगाने चाललेले जहाज जागीच अडखळे. माणसाचे मनही धक्क्याने असेच थबकते, म्हणून पुढे हे शब्द माणसांसाठी रूढ झाले.

वापर बहुधा कर्मणी प्रयोगात होतो: ‘आय वॉज टेकन अबॅक बाय हिज रूडनेस’, म्हणजे त्याच्या उद्धटपणाने मी अवाक् झालो. ‘हर रिप्लाय टुक मी अबॅक’ अशी कर्तरी रचनाही बरोबर आहे. अनपेक्षित कौतुकानेही माणूस असा थबकू शकतो. मात्र नुसता आनंद सांगायचा असेल, तर ‘डिलाइटेड’ म्हणावे. कर्तरी रचनेत ‘टुक’च्या जागी ‘टेकन’ घालण्याची चूक कटाक्षाने टाळावी.