आई गेली, पिल्लं उरली : थंडीत बदकाची पिल्लं कशी जगवायची?

प्रश्न : नमस्कार. आमचं गाव साकोलीकडं, घरामागं बोडी (लहान तळं) आहे, तिथं बदकं पाळतो. परवा रात्री कुत्र्यानं मादी नेली, तीन दिवसांची ६ पिल्लं मागं राहिली. थंडी लय पडून राह्यली. बल्ब लावला तरी रात्रभर चीं चीं करतात, काल एक मेलं बी. लाईटचा भरवसा नाही. बोडीत सोडलं तर चालते का? अन् तलावावर कधी जंगली बदकाची पिल्लं भेटतात, ती घरी आणावी का?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : ताई, आधी त्या बल्बजवळ हात नेऊन बघा. एलईडी असला तर नुसता उजेड पडते, ऊब काहीच नाही, अन् आता घरोघरी तेच आहेत. जुना तारेचा पिवळा बल्ब आणा, ६० वॅटचा, पाच पिल्लांच्या खोक्याला पुरते. तो मधोमध टांगू नका, एका कोपऱ्यात टांगा, म्हणजे गरम झालं की पिल्लाला सरकायला जागा राहते. नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीनं वेगळा पक्का बांधा, खाली तनसीवर (भाताच्या पेंढ्यावर) पडला तर आग लागते.

पहिला आठवडा बल्बखाली साधारण ३२ डिग्री पाहिजे, मग दर आठवड्याला ३ डिग्री कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तर पिल्लाइकडं बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग करून ओरडत असली तर थंडी वाजते, बल्ब खाली घ्या. लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असली तर जास्त झालं, वर घ्या. पसरून, मान टाकून झोपली असली म्हणजे बरोबर, मग हात लावू नका. आपल्याकडं दुपारी ऊन चांगलं असते, तेव्हा बल्ब बंद करून उन्हात ठेवा, पण अर्धी सावली पाहिजे अन् वरून जाळी, घारीचा अन् मुंगसाचा नेम नाही.

लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, वरून पोतं टाका, पण हवेला जागा ठेवा. बंद खोलीत शेगडी मात्र नको, त्या धुरानं पिल्लंच काय माणसंही मरतात. घरी खुडूक कोंबडी असली तर रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवून बघा, पिल्लं इतकी लहान आहेत तोवर कधी कधी घेते. सकाळी मात्र लक्ष ठेवा, टोचत असली तर लगेच काढा.

बोडीत अजिबात सोडू नका. आईसोबतची पिल्लं पोहतात, पण बिनआईची भिजून गारठतात. भिजलेलं पिल्लू ओळखू येते, पोटाखालची लव चिकटून काट्यासारखी होते, मधून गुलाबी कातडी दिसते, अन् ते थरथरते. नुसत्या थंडीपेक्षा या ओलीनंच जास्त मरतात, बल्ब असला तरी. तुमचं एक गेलं तेही भिजलं असेल का ते बघा, कारण पाण्याचं भांडं पसरट असलं की ही आत बसतात. भांड्यात खडे टाका, चोच अन् नाकपुड्या बुडतील एवढंच पाणी ठेवा. खाली तूस किंवा कोरडी तनस, ओली झाली की रोज बदला. पेपर नको, त्यावर पाय घसरून फाकतात. अंगावर पूर्ण पिसं यायला सहा-सात आठवडे लागतात, तोवर पोहणं नाही.

गार पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी अंगाशी धरून गरम करा, खायला मग. गार पोटात काही जिरत नाही.

खायला कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य), औषध न टाकलेलं, पाण्यात भिजवून. नुसत्या शिजवलेल्या कणीवर पोट भरते पण पाय वाकडे होतात, कारण बदकाच्या पिल्लाइले नियासिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा जास्त लागते. उकडलेली बारीक मासोळी कुस्करून द्या, काटा काढून, अन् दवाखान्यातल्या डॉक्टरले बी-कॉम्प्लेक्स किती द्यायचं ते विचारून घ्या. एक गोष्ट मी हात जोडून सांगतो, बुरशी लागलेला मका किंवा ढेप देऊ नका, त्यातलं विष बदकाले कोंबडीपेक्षा लवकर लागते. खाद्याजवळ नेहमी पाणी पाहिजे, नाहीतर घशात अडकते.

तलावावरची पिल्लं हळदी-कुंकू किंवा अडई या जंगली बदकांची असली तर घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पाळता येत नाहीत, अन् पावसाळ्यात दिसलेली पिल्लं बहुतेक वेळा एकटी नसतातच, आई माणूस बघून गवतात लपलेली असते. दूर उभं राहून वाट बघा, तरीही आली नाही तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.