'कचरावेचक' की 'सफाई कामगार'?

प्रश्न असा आलाय की सर्क्युलर इकॉनॉमी (म्हणजे वापरलेला माल फेकून न देता पुन्हा वापरात आणणारी अर्थव्यवस्था) आणि रोजगार यावरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात 'वेस्ट पिकर'ला 'सफाई कामगार' लिहिलं तर चालेल का, कारण 'कचरावेचक' जरा कमीपणाचं वाटतं.

नाही चालणार. सफाई कामगार पालिकेचा नाहीतर ठेकेदाराचा, त्याला पगार असतो (वेळेवर होतो का ते सोडा). कचरावेचकाला मालकच नाही, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून येईल ते त्याचं, खरं तर तिचं, कारण पुण्यात तरी या कामात बायकाच जास्त.

आणि वेचणं बघा ना, तांदळातले खडे वेचतो, पारिजातकाची फुलं वेचतो, म्हणजे नजर लावून एकेक वेगळं काढायचं. उचलणं म्हणजे ढीग गाडीत टाकला, संपलं. आता ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर त्याला गाडी जड हवी, तो कशाला वेचत बसेल, आणि कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत, ओल्या कचऱ्यासोबत पुठ्ठा एकदा दाबला गेला की त्याला भंगारवाला हात लावत नाही, म्हणजे गाड्या नव्या आल्या, शहर चकाचक झालं आणि हिची कमाई गेली.

पुण्यात १९९३ साली संघटना झाली तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत', कामगार नाही, कष्टकरी. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, तिथं घरोघरी कचरा गोळा करायचे पैसे घरटी मिळतात आणि वेचलेलं भंगार विकायचा हक्कही सभासदाकडेच राहतो. मला हा तोडगा आवडतो, वेचायचं कसब वाया जात नाही. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांतही कचरावेचकांची वेगळी व्याख्या होती आणि त्यांना यंत्रणेत सामावून घ्या असं सांगितलं होतं.

'भंगारवाला' मात्र यात मिसळू नका, तो पैसे मोजून माल घेतो. बोहारीण त्याहून वेगळी, जुने कपडे घेऊन भांडी देणारी.

तर लेखात बिनधास्त 'कचरावेचक' लिहा, संघटनेतल्या बायका स्वतःही तेच म्हणतात. 'चिंध्या वेचणारे' नको, त्यांच्या पोत्यात चिंध्या सोडून बाकी सगळं असतं. फक्त एखादी बाई रीसायकलिंग प्लांटमध्ये पगारावर माल निवडायला बसत असेल तर तिला 'कामगार'च लिहा, तिथं मालक आहे आणि त्याच्याकडे पीएफ मागता येतो.