मातीत लेकीचा मान आणि विधवेचे हाल

प्रश्न: ताई, मागं आमच्या मामांची माती झाली, त्यांना मुलगा नाही म्हणून थोरल्या लेकीनं मडकं धरलं, अग्नी दिला, तर अर्धं गाव कुजबुजायलं. त्याच दिवसांत मोबाईलवर घानाचे व्हिडिओ बघितले (शवपेटी घेऊन नाचणारे २०२० ला व्हायरल झालते ना, तिथलेच), तिथं तर लाल-काळे कपडे घालून बायकाच पुढं दिसायल्यात. तिकडं बायकांना खरंच एवढा मान असतो का?
— एक वाचक, परळी

उत्तर: असतो, पण कोणत्या बाईला ते बघा.

घानातल्या अशांती लोकांत कूळ आईकडून चालतं. म्हणजे माणूस गेला की मयत त्याच्या आईच्या कुळाची, बायको दुसऱ्या कुळातली. मयताला अंघोळ घालणं, सजवणं हे जाणत्या म्हाताऱ्या बायका करतात, आणि शोकगीतंही बायकाच म्हणतात, आपल्याकडं म्हाताऱ्या हेल काढून मयताचे गुण सांगत रडतात तसंच, फक्त तिथं पूर्वजांची नावं, मूळ गाव सगळं त्यात येतं, म्हणजे कुळाचा इतिहासच तोंडपाठ लागतो.

नायजेरियातल्या इग्बो लोकांचं अजून भारी आहे. तिथं कुळाच्या लेकींचा गट असतो, ‘उमुआडा’ म्हणतात. लग्न होऊन लांब गेलेल्या असल्या तरी मातीला सगळ्या माहेरी जमतात, मुक्काम ठोकतात, त्यांचं खाणंपिणं मानानं करावं लागतं, आणि त्या रुसल्या तर दंड भरून समजूत काढल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. भाऊबंद पण त्यांना टरकून असतात.

आता दुसरी बाजू. त्याच घरातल्या विधवेचं डोकं भादरायचं, जमिनीवर बसवायचं, महिनोन्‌महिने शोकाचे कपडे, आणि नवऱ्याच्या मरणात हात नाही हे सिद्ध करायला मयत धुतलेलं पाणी पाजल्याच्याही नोंदी आहेत. हे करून घेणाऱ्या कोण, तर बऱ्याचदा त्याच उमुआडा! भाऊ गेला की हुकूम सोडणारी बाई नवरा गेला की स्वतः जमिनीवर बसते. मला तर सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण ह्यात पुरुषाला बोट पण उचलावं लागत नाही.

बदल झालाय तो इथंच. घानानं १९८४ ला विधवांना छळणाऱ्या प्रथा गुन्हा ठरवल्या, नायजेरियातल्या एनुगू राज्यानं २००१ ला कायदा केला, आफ्रिकी देशांनी बायकांच्या हक्कांसाठी केलेल्या २००३ च्या मापुटो करारात विधवांच्या हक्कांचं वेगळं कलम आहे, आणि २०१४ ला नायजेरियाच्या सुप्रीम कोर्टानं इग्बो लेकींना बापाच्या इस्टेटीतून वगळणारी रूढी रद्द केली. शिकलेल्या बऱ्याच जणी आता डोकं भादरू देत नाहीत. पण तक्रार करायची म्हणजे नणंदेविरुद्धच करायची, मग ठाण्यात जातं कोण?

तुमच्या मामेबहिणीनं अग्नी दिला ते छानच केलं, कायद्यात कुठंच आडकाठी नाही. पण मामीच्या कुंकवाचं, बांगड्यांचं काय केलं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि त्यावर गावात कुणी कुजबुजलं पण नसेल. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून पत्रक काढलं. तुमच्या ग्रामपंचायतीत असेल, मागून बघा.