हवेतला अरगॉन आणि समुद्रातलं क्लोरीन

प्रश्न: हवा आणि समुद्र पृथ्वीच्या पोटातून निघालेल्या वायूंपासून बनले म्हणता, पण ज्वालामुखीतून निघतो तो धूर. त्यातून समुद्र कसे भरतील?

तो ‘धूर’ म्हणजे राख आणि वायू. त्या वायूंत सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा, मग कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. आजच्या वाफेतलं बरंचसं पाणी पृथ्वीच्या पोटात सरकणाऱ्या समुद्रतळाबरोबर खाली जाऊन पुन्हा वर आलेलं असतं. सुरुवातीला मात्र पृथ्वीचा पृष्ठभागच वितळलेला होता. त्यातून सुटलेली वाफ पृष्ठभाग निवल्यावर पाऊस होऊन कोसळली. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिरकॉन या चिवट खनिजाचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावं, असं त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) दिसतं. थोडं पाणी उल्कांनीही आणलं असणार.

प्रश्न: समुद्रात मीठ नद्या आणतात ना?

अर्धंच खरं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम खडक झिजून येतो, पण क्लोरीन खडकांत फारच कमी. १९५१ मध्ये विल्यम रुबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने ताळेबंद मांडला: समुद्रातलं पाणी आणि क्लोरीन, हवेतला नायट्रोजन, चुनखडीतला कार्बन हे सगळं खडकांच्या झिजेतून निघणं शक्यच नाही. ते पृथ्वीच्या पोटातूनच आलं.

प्रश्न: हे पाहायला तेव्हा कोणी नव्हतं. पुरावा काय?

माझ्या मते सर्वांत भक्कम साक्षीदार अरगॉन. हवेत तो ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. तरी त्याची कुणी दखल घेत नाही. त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक अरगॉन-४० (४० वजनाचा अणू) आहे, आणि तो बनतो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून, ज्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. स्वयंपाकघरातला ओटा गुलाबी ग्रॅनाइटचा असेल तर त्यातल्या फेल्डस्पार या गुलाबी खनिजामध्ये आत्ताही हे चालू आहे. स्फटिकात अडकलेला वायू खडक वितळला किंवा झिजला की सुटतो. तो कशाशी संयोग पावत नाही आणि जड असल्याने अवकाशातही निसटत नाही, म्हणून साठत गेला. म्हणजे हवेतला अरगॉन ही खडकांतून वायू बाहेर आल्याचीच खूण. दख्खनच्या बेसॉल्टचं (काळ्या खडकाचं) सुमारे ६.६ कोटी वर्षं हे वय त्यात साठलेल्या या अरगॉनवरूनही काढलं आहे.

प्रश्न: मग ऑक्सिजनही पृथ्वीच्या पोटातलाच?

नाही. तो सायनोबॅक्टेरियांची (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंची) कमाई, आणि हवेत टिकू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. ज्वालामुखीचे वायू उलट ऑक्सिजन खाऊन टाकतात.